कॅमेऱ्यात न मावलेले बालगंधर्व

तुमच्या कॉलेजच्या ग्रुपनं एकांकिका केली. हॉल दणाणला, टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत कुणीतरी मोबाइल ट्रायपॉडवर लावून सगळं शूट केलं होतं. रात्री तो व्हिडिओ ग्रुपवर आला आणि तुम्ही बघायला बसलात. पाच मिनिटांत बंद केलात की नाही? आवाज घुमतोय, चेहरे दिसत नाहीत, जिथं हॉल रडला होता तिथं आता भलतंच वाटतंय. नट तेच, शब्द तेच, आणि तरीही काहीतरी निसटलेलं.

हे जे निसटतं, त्याची मराठीतली सगळ्यात मोठी गोष्ट नव्वद वर्षांपूर्वी घडली. ज्याच्या बाबतीत घडली त्याच्या नावाचं नाट्यगृह पुण्यात आहे. तिथं तुमच्यातल्या कुणी ना कुणी स्पर्धेसाठी गेलेलं असेल, कॅन्टीनचा वडाही खाल्ला असेल. बालगंधर्व. खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस.

आता तुम्ही म्हणाल, नाशिक रोडच्या पोरांनी या माणसाबद्दल का वाचायचं? तर आधी आपल्याच गावातली एक रात्र सांगतो. २१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपासाठी हा खेळ ठरलेला. तो थिएटरात येत असताना अनंत कान्हेरे या तरुण मुलानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा प्रसंग तुम्ही शाळेत शिकलात. पण त्या रात्री नाटक कोणतं होतं, कंपनी कुठली होती, हे सहसा कुणी विचारत नाही. तेव्हा त्याच कंपनीची नायिका होता एकवीस वर्षांचा नारायण राजहंस. एका मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेल्या समाजाची गोष्ट म्हणजे ‘शारदा’, आणि ती मुलगी रंगमंचावर पुरुष साकारत असे.

त्या काळी या कंपन्या रेल्वेनं गावोगाव फिरायच्या. पडदे, पेट्या, कपड्यांचे ट्रंक, आचारी, वादक, नट असा अख्खा संसार गाडीतून उतरायचा. नाशिक रोड स्टेशन गावापासून लांब, म्हणून स्टेशन ते गाव अशी ट्राम होती. आज बिटकोपासून शालिमारला सिटीलिंकनं जाताना जो कंटाळा येतो, त्याच वाटेवरची ही गोष्ट आहे.

तर हा नारायण कोण? जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची, गळा मात्र असा की दहा-एक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी गाणं ऐकलं आणि त्याला बालगंधर्व म्हटलं. ते नाव इतकं चिकटलं की साठी उलटली तरी मागचा ‘बाल’ काही सुटला नाही. जळगावात मेहबूब खान यांच्याकडे सुरुवातीची तालीम झाली. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाला पारखलं, त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेला उपचार करवले. किर्लोस्कर मंडळी तेव्हा अडचणीत होती. त्यांचे गाजलेले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले होते आणि त्यांची जागा भरून काढेल असं कुणी मिळत नव्हतं. १९०५ मध्ये नारायण कंपनीत आला आणि शकुंतला झाला. वय सतरा.

इथं थोडं थांबून संगीत नाटक म्हणजे काय ते नीट बघू, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच होणार आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं त्यात दोनशेहून अधिक पदं होती. युरोपातल्या ऑपेराशी त्याची तुलना नेहमी होते, पण फरक आहे. ऑपेरात बहुतेक वेळा सगळं गाऊनच चालतं. आपल्याकडे पात्र आधी गद्यात बोलतं, बोलता बोलता भावना दाटून आली की गातं, आणि गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते. घड्याळही थांबतं. रुक्मिणीच्या मनात एका क्षणात जे येऊन जाईल, ते गायला दहा मिनिटं लागतात. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला तर वीस. पुन्हा दिला तर आणखी. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि कुणाची तक्रार नसायची. लोक गोष्ट बघायला आलेलेच नसत. गोष्ट सगळ्यांना पाठ असे.

आणि प्रत्येक वेळी पद तेच असलं तरी गाणं तेच नसे. बालगंधर्वांची खरी ताकद इथं होती. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, ताना मारून समोरच्याला चीत करायची हौसही नव्हती. पण शब्द कुठं सोडायचा, कुठं अलगद धरायचा, लय कुठं किंचित मागे ओढायची, हे त्यांना जसं जमलं तसं फार थोड्यांना जमलं. समोरच्या रांगेतून दाद आली की त्या दादेवर पुढची हरकत. म्हणजे अर्धं गाणं नटाचं, अर्धं प्रेक्षकांचं. क्रिकेटमध्ये घरच्या मैदानावर बॅट्समन वेगळाच खेळतो ना, तसं काहीतरी.

१२ मार्च १९११ ला खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी झाले, नटले, गायले. या प्रसंगाचं आजवर फार कौतुक झालंय. माझं मत विचाराल तर मला तो वाचताना अभिमानापेक्षा धास्ती वाटते. घरात मूल गेलेलं असताना रंगमंचावर प्रेमाची पदं गाणारा माणूस ग्रेट असेल, पण त्याच्या घरच्यांना त्या ग्रेटपणाची काय किंमत पडली असेल? हे लक्षात ठेवा, कारण पुढेही त्यांचे मोठे निर्णय असेच होत राहिले. रंगमंच आधी, बाकी सगळं नंतर.

१९१३ साल. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आता याच वर्षी दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मे महिन्यात मुंबईत झळकला. त्यातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना. मग फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि इथं ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोन स्त्रिया होत्या. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे ज्या वर्षी स्त्री-भूमिकेच्या जोरावर एक अख्खी नाटक कंपनी उभी राहिली, त्याच वर्षी नाशिकमध्ये कॅमेऱ्यानं खऱ्या बाईला पडद्यावर आणायला सुरुवात केली. तेव्हा कुणाला याचा अंदाज आला असेल असं वाटत नाही. सिनेमा मुका होता. गंधर्वांना मुक्या गोष्टीची कसली भीती?

पुढची पंधरा वर्षं त्यांची होती. १९१६ चं ‘स्वयंवर’, त्यातलं भास्करबुवा बखल्यांचं संगीत आणि बालगंधर्वांची रुक्मिणी. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ मधली सिंधू तर वेगळीच. भरजरी शालूंसाठी ओळखला जाणारा हा नट इथं दारुड्याची बायको म्हणून फाटक्या लुगड्यात उभा राहिला आणि लोक ढसाढसा रडले. बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायला लागल्या. आजच्या भाषेत ते फॅशन आयकॉन होते. फरक इतकाच की बायकांचा फॅशन आयकॉन पुरुष होता. साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. थिरकवांसारखा तबलजी नाटकाच्या पिटात बसून वाजवत होता, यावरून कंपनीच्या थाटाची कल्पना येईल. खरे शालू, उंची अत्तरं, गालिचे, पंगती. पैसा येत होता आणि त्याहून वेगानं जात होता. हिशोब हा विषय बालगंधर्वांचा कधीच नव्हता. टेंबे आणि बोडस दोघंही पुढे वेगळे झाले आणि कंपनी कर्जात रुतली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झाला, त्याच्या आठवणी लोकांनी पुढे पन्नास वर्षं काढल्या. भोसले धैर्यधर, गंधर्व भामिनी. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत गेले. आणि गंधर्वांची पुढची वर्षं नाटकं करत कर्ज फेडण्यात गेली. फेडलं मात्र त्यांनी.

मग १९३१ मध्ये सिनेमा बोलायला लागला. बोलायला म्हणण्यापेक्षा गायला. ‘आलम आरा’ आला आणि वर्षभरात, १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. पुन्हा हरिश्चंद्र-तारामतीचीच गोष्ट. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्वांचेच जुने भागीदार, आणि संगीतही त्यांचंच. तारामती झाल्या दुर्गा खोटे. हिशोब सोपा होता. नाटकाला रात्र घालवायची, महाग तिकीट काढायचं. सिनेमात त्याच दर्जाची गाणी दोन-अडीच तासांत, आण्यांच्या तिकिटात, शिवाय नायिका खरी बाई. गावोगावची नाट्यगृहं टॉकीज व्हायला लागली. आपलं विजयानंदही पुढे सिनेमा टॉकीज झालं. रंगमंचावरही वारं फिरत होतंच. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदं मोजकी आणि प्रसंगात मिसळलेली ठेवली. गंधर्वांनी आयुष्य ज्यावर उभारलं होतं, ते सगळं एकदम जुनं दिसायला लागलं.

गंधर्व नाटक मंडळी थांबवून ते प्रभातमध्ये गेले. प्रभात तोवर कोल्हापूरहून पुण्यात आली होती. आज जिथं एफटीआयआय आहे, तोच तो स्टुडिओ. पहिला चित्रपट संत एकनाथांवरचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीतकार मास्टर कृष्णराव, हे मुळात गंधर्व मंडळीतलेच. नाव आधी ‘महात्मा’ ठेवलं होतं. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. अस्पृश्यांच्या घरी जेवणारा, त्यापायी धर्ममार्तंडांशी भांडण घेणारा एकनाथ, १९३५ सालात! विषय धाडसी होता. बालगंधर्व पहिल्यांदाच हजारो लोकांसमोर पुरुष म्हणून येणार होते.

आणि इथं ते अडकले.

का, ते नीट समजून घ्या, कारण यात तुमच्या त्या ग्रुपवरच्या व्हिडिओचं उत्तरही आहे. पहिली गोष्ट, समोर कुणी नाही. स्टुडिओत लाइट आहेत, कॅमेरा आहे, चार तंत्रज्ञ आहेत आणि सगळ्यांना गप्प बसायची सक्त ताकीद आहे. ज्याचं गाणं दादेवर उमलायचं त्याला शांततेत गायचं होतं. तीस वर्षं ज्यानं ‘वन्स मोअर’ ऐकला, त्याला आता ‘वन मोअर टेक’ ऐकायचा होता. ऐकायला सारखंच, अर्थ नेमका उलटा. एक म्हणजे फार सुंदर होतं, पुन्हा द्या. दुसरं म्हणजे कुठंतरी चुकलं, पुन्हा करा.

दुसरी गोष्ट वेळेची. सिनेमात गाणं तीन-चार मिनिटांत संपायला हवं. गंधर्वांना ही मर्यादा नवी नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्यांची एक बाजू साधारण तेवढ्यातच संपायची आणि त्यांच्या तबकड्या भरपूर निघाल्या होत्या. पण तबकडी नुसती ऐकायची असते. पडद्यावर गाणं सुरू असताना डोळे काय बघणार? रंगमंचावर पात्र एका जागी उभं राहून गायलं तरी चालतं, कारण तुमची नजर तुमची असते. तुम्ही चेहरा बघता, हात बघता, मध्येच शेजारच्याकडे बघून मान डोलावता. सिनेमात तुमची नजर दिग्दर्शकाच्या हातात. त्यानं काही दाखवलं नाही, तर तुम्ही कंटाळता. म्हणून सिनेमात गाणं थांबून चालत नाही, त्याला कुठंतरी जावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात क्रूर. क्लोजअप. रंगमंचावरचा मेकअप, हातवारे, मान वेळावणं हे सगळं शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी असतं. लेन्स शेवटच्या रांगेत बसत नाही. ती नाकासमोर येते. तिथं दहा हात लांबून नाजूक दिसणारी हालचाल मोठी वाटते, आणि सत्तेचाळीस वर्षांचा चेहरा सत्तेचाळीस वर्षांचाच दिसतो.

‘धर्मात्मा’ वाईट चित्रपट नाही, हे आधी सांगतो. जपून राहिलेल्या प्रभातच्या चित्रपटांत तो आहे. मिळाला तर बघा. गाणी सुरेख आहेत. पण एकनाथ गायला लागला की चित्रपट जरा बाजूला होतो आणि गाणं संपलं की परत येतो. दोघं एकमेकांना अदबीनं वाट करून देतात, एकत्र चालत नाहीत. प्रभातबरोबर पुढच्याही चित्रपटांचा करार होता. पण पहिल्याच चित्रपटानंतर तो संपला.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला या आयुष्यातलं सगळ्यात बोलकं पाऊल वाटतं. सिनेमाशी जमत नाही म्हटल्यावर त्यांनी सिनेमालाच नाटकाकडे बोलावलं. १९३७ चा ‘साध्वी मीराबाई’. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, म्हणजे ऐरागैरा नव्हे, मूकपटांच्या काळापासून नाव कमावलेला चित्रकार माणूस. पण इथं झालं काय, तर ‘अमृतसिद्धी’ हे रंगमंचावरचं नाटकच कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं आणि मीरा झाले स्वतः बालगंधर्व. वय एकोणपन्नास. कॅमेरा म्हणजे जणू पहिल्या रांगेतला, जागचा न हलणारा प्रेक्षक. पाच वर्षांपूर्वी दुर्गा खोट्यांना बघितलेल्या लोकांना ही मीरा पटली नाही. चित्रपट पडला.

दोष कुणाचा? नटाचा म्हणून मोकळं होता येईल. पण त्याच प्रभातमध्ये, ‘धर्मात्मा’नंतर वर्षभरात काय झालं ते बघा. १९३६ चा ‘संत तुकाराम’. पुन्हा एक संत, पुन्हा गाणी, आणि मुख्य भूमिकेत विष्णुपंत पागनीस, तेही एकेकाळचे रंगमंचावरचे स्त्री-पार्टीच. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. पागनिसांना जमलं ते गंधर्वांना का जमू नये? मला दिसणारा फरक असा. पागनिसांचा तुकाराम गातोय असं वाटतच नाही. तो बोलतो तसा गातो, चालताना, दळणाशेजारी, लोकांत बसून. गाणं घरातल्या कामात मिसळलंय. जिजाईच्या कटकटीतून ते बाहेर येतं आणि पुन्हा कटकटीत बुडतं. आणि पागनिसांना आपण कसे दिसतो याची पर्वा नाही. गंधर्वांना कायम होती. ज्याचं रूप हीच त्याची कला होती, त्याला ते विसर म्हणणं सोपं नाही. शिवाय केशवराव भोळ्यांचं संगीत त्या चित्रपटासाठी घडवलेलं होतं. रंगमंचावरची सवय सोबत घेऊन ते आलं नव्हतं.

हा पेच काही फक्त मराठीचा नाही. युरोपात ऑपेरा आणि बॅलेवाल्यांना तो दहा-पंधरा वर्षांनी असाच छळत होता. तिथं ज्यांना जमलं त्यांनी काय केलं? पॉवेल आणि प्रेसबर्गर या जोडीनं १९४८ च्या ‘द रेड शूज’मध्ये मध्यभागी पाव तासाहून मोठा बॅले घेतला. सुरुवात रंगमंचावर होते आणि बघता बघता रंगमंच विरघळतो. नाचणारीच्या मनात जे चाललंय ते दिसायला लागतं, कुठल्याच थिएटरात दिसू शकणार नाही असं. तीन वर्षांनी ‘द टेल्स ऑफ हॉफमन’ हा ऑपेरा करताना त्यांनी संगीत आधी पूर्ण रेकॉर्ड करून घेतलं आणि मग त्यावर चित्रीकरण केलं, म्हणजे आवाज पकडायची चिंता नाही आणि कॅमेरा हवा तसा धावायला मोकळा. पुढे इंगमार बर्गमननं मोझार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ स्वीडिश टीव्हीसाठी केला, १९७५ मध्ये. त्यानं उलटी वाट धरली. रंगमंच लपवलाच नाही. सुरुवातीचं संगीत वाजत असताना तो बराच वेळ फक्त प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो; एक छोटी मुलगी पुन्हा पुन्हा दिसते. नट विश्रांतीच्या वेळात काय करतायत तेही दिसतं. म्हणजे स्टुडिओत जे हरवतं, ते समोर बसलेलं माणूस, त्यानं चित्रपटातच आणून बसवलं. गंधर्वांच्या गाण्याला हेच हवं होतं असं मला राहून राहून वाटतं. कल्पना करा, मीरा गातेय आणि कॅमेरा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आहे, तो डोळे मिटून ‘वाहवा’ म्हणतोय आणि त्या वाहवावर गाणं वळण घेतंय. पण १९३७ मध्ये हे सुचायला रंगमंच आणि पडदा दोन्हींकडे जरा लांबून बघणारा माणूस हवा होता. बाबूराव आणि गंधर्व दोघंही आपापल्या कलेत गळ्यापर्यंत बुडालेले होते.

आपल्याकडचं आणखी एक उदाहरण, जरा वेगळं. ‘साध्वी मीराबाई’च्याच वर्षी शांतारामांनी ‘कुंकू’ केला. विषय ‘शारदा’चाच: म्हातारा नवरा, तरुण मुलगी. पण ही शारदेची सख्खी बहीण नव्हे. शांता आपट्यांची नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. आणि गंमत म्हणजे या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातले नेहमीचे आवाजच आहेत. घड्याळाची टिकटिकसुद्धा बोलते. नाट्यपदांनी जे काम केलं असतं, ते इथं आवाजांनी आणि चेहऱ्यांनी केलं.

गंधर्व परत रंगमंचावर गेले. आता सोबत गोहरबाई कर्नाटकी होत्या, गंधर्वांच्या गायकीवर जीव टाकणाऱ्या आणि स्वतः उत्तम गाणाऱ्या. हळूहळू त्या स्त्री-भूमिका करू लागल्या आणि गंधर्व पुरुषांच्या. ते पुढे लग्नाने एकत्र आले. त्यावरून गोहरबाईंना किती ऐकून घ्यावं लागलं याचा हिशोब कुणी नीट मांडलेला नाही. कंपनी बुडाली ती त्यांच्यामुळे, असं म्हणणारे होते. कर्ज त्यांच्या आधीपासून होतं, टॉकीज त्यांच्या आधीपासून होत्या, हे विसरलं गेलं. बाई दिसली की खापर फोडायला डोकं सापडतं, ही सवय आपल्याकडे जुनी आहे.

साठीच्या आसपासही कधीकधी ते पुन्हा सिंधू किंवा रुक्मिणी व्हायचे. लोक यायचे. शरीर थकलेलं, तरी पहिला सूर लागला की जुन्या माणसांना तीच सिंधू दिसायची. नव्यांना मात्र एक म्हातारा गृहस्थ साडीत दिसायचा. दोघंही खरंच बघत होते. उतारवयात पायांनी साथ सोडली, पैसा राहिला नाही. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात बालगंधर्व गेले. त्यांच्या नावाचं रंगमंदिर तेव्हा बांधून होत होतं. ते पुढच्या वर्षी त्यांच्या वाढदिवशी, २६ जूनला, खुलं झालं.

आता तुमच्या पिढीचं. ‘कट्यार काळजात घुसली’ तुम्ही थिएटरात बघितला असेल, २०१५ मध्ये. मूळ नाटक १९६७ चं, म्हणजे गंधर्व गेले त्याच वर्षीचं. सुबोध भावेनं ते पडद्यावर आणताना नाटक जसंच्या तसं उभं केलं नाही. नव्यानं गाणी केली, जुनी काही ठेवली, रंगमंचावर फक्त सांगितलं जाणारं बरंच काही दाखवलं. काही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पण कॉलेजची पोरं गाडीवर ती गाणी म्हणत फिरत होती, हे मी बिटको चौकात ऐकलंय. त्याच भावेनं पुढे २०२५ च्या सुरुवातीला ‘संगीत मानापमान’ही आणला. शंभरीपार गेलेली भामिनी पुन्हा पडद्यावर.

आणि २०११ मध्ये आलेला रवी जाधवचा ‘बालगंधर्व’ तर आहेच. त्यात एक मजा आहे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, सगळ्यांचा चेहरा सुबोध भावेचा आणि गळा आनंद भाटेंचा. १९३५ मध्ये एका माणसाला जे जमलं नव्हतं, ते इथं दोघांत वाटून घेतलं. पार्श्वगायन तोवर इतकं रुळलंय की ते वाटून घेतलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही एकच करा. हेडफोन लावून आधी गंधर्वांची एखादी जुनी तबकडी ऐका, डोळे मिटून. खरखर आहे, पहिल्यांदा आवाज पातळ वाटेल, नेट लावून ऐका. मग ‘धर्मात्मा’तला कुठलाही गाण्याचा तुकडा बघा. आणि त्यानंतर तुमच्या ग्रुपवरचा तो एकांकिकेचा व्हिडिओ पुन्हा उघडा. पुढच्या वेळी मोबाइल मागच्या रांगेत लावायचा, पहिल्या रांगेत, की थेट रंगमंचावर नेऊन प्रेक्षकांकडे वळवायचा, याच्यावर तालमीत भांडण होऊ द्या.